पडाव टाकायच्या आधी

३ फेब्रु. ५८, यवतमाळ
खोली पाह्यली. कापसाच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर, दुमजली घराच्या खाली. पुढं ओसरी, मागं विहीर, वर मालक राहतात. दोन मशिनी बसतील, कापायचं टेबलही बसन. आमच्या तांड्यातला एकही माणूस अजून शहरात स्वतःच्या नावाचं दुकान टाकून बसला नाही. पाडव्याले पाटी लागली तं मी पहिला.
रहीमचाचाले सांगितलं. सात वर्षं त्यांच्याच दुकानात शिलाई शिकलो. म्हणाले, घाई नको, कपडा उलटवून पाहतोस तशी खोली पण उलटवून पाह्य, मग कात्री लाव.

५ फेब्रु.
सकाळी, भर दुपारी अन् दिवेलागणीले, तीनदा गेलतो. काळ्या कपड्यावर काळा दोरा दिसला पाह्यजे, तवा उजेड खरा. सकाळी फक्कड. चारनंतर समोरच्या लिंबाची सावली येते. चालते. मागच्या भिंतीले कमरेइतकी ओल. मालकाच्या गड्याले विचारलं तं म्हणे औंदा पाऊस जास्त होता. दरसाल हेच सांगत असन लेकाचा.

८ फेब्रु.
आधीचा भाडेकरू शोधून काढला. घड्याळवाला. खोली काहून सोडली? म्हणे लेकाले दुसरीकडं मोठी जागा भेटली, बाकी काही नाही. मालक सज्जन, पण माणूस पारखून घेतो. खोली देताना दोन घंटे कोण-कुठला विचारत बसला होता, हे घड्याळवाल्यानं मी निघायच्या टायमाले सांगितलं. शेजारच्या हॉटेलात दिवसभर रेडिओ. मले गाणं चालते.

११ फेब्रु.
मालकाशी भेट. चहा देल्ला. नाव विचारलं. देवीदास चव्हाण, म्हनलं. गाव? बोरी अरबकडचा. “वा, म्हणजे आपल्यातलेच.” चव्हाण मराठ्यांतही असतात अन् आम्हा बंजाऱ्यांतही; मी दुरुस्ती न करता कप खाली ठेवला.
खोटं नाही बोललो. पण पूर्णही नाही बोललो. मी त्याच्या घराची चौकशी करून राह्यलो अन् तो माझ्या घराण्याची. माझी चौकशी लवकर आटपली, कारण मीच आटपू देल्ली. आज जेवण गोड नाही लागलं.

१४ फेब्रु.
बा आला तांड्याहून. खोली दाखवली. मी उजेड दाखवतो, रस्ता दाखवतो, हा बाबा सरळ मागं गेला. विहिरीत वाकला. पाणी काढणाऱ्या बाईले विचारलं, उन्हाळ्यात टिकते का? चैतात तळ लागते म्हणे. मी अकरा दिवस चकरा मारल्या, हे मले सुचलं नाही! मग गल्लीतून निघायची वाट पाहून आला. उतरायच्या आधी निघायची वाट पाहावी, असं त्याचा आजा सांगे. आजा मिठाचे बैल घेऊन मुलूखभर फिरायचा.
अन् एक रीत राह्यली, म्हणे. नव्या जागी माल उतरवायच्या आधी घरच्या मोठ्यानं एक रात जमिनीवर झोपून पाहाची. जमीन झोपू देते तं पडाव टाकायचा. मी हासलो. म्हनलं, बा, हे यवतमाळ आहे.

१५ फेब्रु.
झोपलाच. त्या ओसरीवर, घोंगडी टाकून, कोणाले न विचारता.
सकाळी हॉटेलवाला मले बोलवाले आला. जाऊन पाहतो तं चार माणसं जमलेली, मालक जिन्यावर, अन् बा मधात पागोटं बांधत बसलेला. गडी म्हणे तांड्याचा माणूस, काय न्यायले आला कोणाले माहीत. बाची मराठी मोडकी. तो आमच्या गोरबोलीत सांगून राह्यला अन् ते लोक त्याची घोंगडी झटकून पाहून राह्यले.
एक क्षण मी गर्दीच्या मागं उभा राह्यलो. लिहितो, कारण लपवलं तं जास्त टोचन. एकच क्षण. मग पुढं गेलो अन् मोठ्यानं म्हनलं, “हा माझा बाप आहे.”
मालक माझ्याकडं पाहत राह्यले. आपल्यातलेच, ते गेलं त्यांच्या डोळ्यांतून.
बा वाटेनं एवढंच म्हणाला, जमीन चांगली आहे, झोप लागली.

१७ फेब्रु.
भाडेचिठ्ठीचा कच्चा कागद गड्याच्या हाती आला. सगळं ठरल्यासारखं. खाली एक ओळ नवी: शहरातले दोन प्रतिष्ठित जामीन द्यावे, भाडेकरूच्या वर्तणुकीबद्दल.
वर जाऊन विचारलं. घड्याळवाल्यानं जामीन देल्ला होता का? नाही. मग मले काहून? मालक नरमाईनं बोलले, “मास्तर, तुमच्यावर शक नाही. पण तांड्याच्या लोकांबद्दल बोलतात, तुम्हालाही माहीत आहे.”
माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे.

१८ फेब्रु.
चाचा म्हणे, एक मी, दुसरा मी आणतो, आत्ता अंगठा लावतो. डोळ्यांत पाणीच आलं. सोपं होतं बाप्पा. दोन अंगठे, अन् पाडव्याले पाटी. दिवसभर एक बाही उलटी लावली, उसवली, परत उलटीच लावली.

१९ फेब्रु.
तांड्यावर गेलतो. याडीनं, माझ्या मायनं, भाकरी वाढली, तिले सगळं ठाऊक होतं, तरी विचारलं नाही. बाले कागद वाचून दाखवला. त्यानं चिलीम भरली. मग म्हणाला (त्याच्या बोलीत, मी मराठीत लिहितो): “गावंच्या गावं आपल्या बैलांवर मीठ अन् धान्य सोडून झोपत. कोण्या गावानं आजाले जामीन नाही मागितला. तू दिला तं तुझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाले द्या लागन.”
खोली घे का सोड, ते नाही सांगितलं. ते माझ्यावर.

२० फेब्रु.
चाचाले म्हनलं, जामीन नको. ते रागावले नाहीत, उलट पाठीवर थाप मारली.
मालकासमोर बसलो. त्यांचाच टाक घेतला, जामिनाची ओळ खोडली, खाली सही केली: देवीदास थावरा चव्हाण, राहणार तांडा, बोरी अरबजवळ. तांडा हा शब्द मोठ्या अक्षरात.
“ही ओळ का खोडली?”
“माझा जामीन मीच, मालक. पटत नसन तं कागद फाडा.”
फाडला नाही. सहीही केली नाही. घडी करून खिशात ठेवला, सोमवारी या म्हणाले.
मधात तीन दिवस आहेत. खोली लय चांगली आहे, सकाळचा उजेड तसा दुसरीकडं कुठं पाह्यला नाही. गेली तं जीव जळन. पण सोमवारी त्या जिन्यानं मी चढन तवा वर बसलेल्याले माहीत असन, कोण येऊन राह्यलं ते.