काचा नसलेला चष्मा

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्षर माझं नाही हे पाकीट उघडताच कळलं असेल. घाबरू नकोस. मी डोळे मिटून पलंगावर पडले आहे आणि खोलीतली मैत्रीण लिहून घेते आहे. काल माझ्या डोळ्यांचं लेझर झालं. बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. दुखलं नाही, पण संध्याकाळभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटत होतं. आज तपासायला गेले, तर भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते चष्म्याशिवाय वाचलं!

तुला आधी कळवलं असतं, तर तू देव पाण्यात घालून बसली असतीस. अग्निशमन दलात इतकी वर्षं फोनवर बसून आग कुठे लागली एवढंच विचारते आहे. मला शिडीच्या तुकडीत जायचं आहे. तिथे चष्मेवाल्यांना घेत नाहीत, आणि वयाच्या अटीमुळे मे महिन्यातली परीक्षा ही माझी शेवटची. नजर टिकली तर शिडी, नाहीतर निवृत्तीपर्यंत फोन.

ती जाडजूड भिंगं येताना दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. भाऊजींना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी पत्र मात्र पाठव.

तुझी धाकटी

(लिहिणारीचा खुलासा: ही पडून राहत नाही. दोनदा उठून खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचून आली. ताई, तुम्हीच खडसावा.)

ता. १४ फेब्रुवारी

चि. ढापणीस अनेक आशीर्वाद.

तू डोळ्यांवर यंत्र चालवून घ्यावंस आणि मला ते पोस्टमननं आणून द्यावं? पत्र वाचलं आणि आधी देवापुढे बसले. मग घरखर्चाचा हिशेब घेतला, तर बेरीज तीनदा चुकली. भाजीत मीठ दोनदा पडलं. तुझे भाऊजी मुकाट्याने जेवले, आणि मग पाण्याचा तांब्या घेऊन बसले.

आता ऐक. थेंब वेळच्या वेळी घाल. तिथे काटकसर करू नकोस. मी सांगते आहे, म्हणजे बघ! डोळे चोळायचे नाहीत, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि पाट्या कुठे पळून जात नाहीत.

पण चष्मा टाकलास? फ्रेम धडधाकट होती गं. आपल्या घरात धडधाकट वस्तू कचऱ्यात टाकणारी तू पहिलीच. ठेवला असतास तर कशाला तरी लागला असता. कशाला, ते आधी कळत नसतं.

जपून राहा. तुझ्या मैत्रिणीलाही आशीर्वाद, ती शहाणी दिसते.

तुझी ताई

ता. २ मार्च

ती. ताईस सा. न.

हे माझंच अक्षर. फ्रेम कशाला लागली असती ते कळलं. हसू नकोस.

शाळेपासून मला घसरलेला चष्मा बोटाने वर सारायची सवय, तुला ठाऊकच आहे. सुरुवातीला दवाखान्याचा गॉगल दिवसभर होता, बोट त्यावर अडायचं. तो आता फक्त झोपताना लावायचा, तर बोट थेट डोळ्यात! परवा फोनवर एक गृहस्थ घाबऱ्या घाबऱ्या पत्ता सांगत होते. लिहून घेता घेता मी नसलेला चष्मा सारला, आणि डाव्या डोळ्यापुढे धुकं पसरलं. डॉक्टर म्हणाले, पापुद्र्याची कड सुरकुतली आहे. त्यांनी ती तेव्हाच सारखी केली, धुकं गेलं. पण पुन्हा असं झालं तर परीक्षेचं विसरा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बोटाला चिकटपट्टी लावली. चिकटपट्टीसकट बोट वर जातं. हातमोजा घातला, तर फोनची बटणं दाबता येईनात. ताई, लोकांना मी धीर देते, पण स्वतःचं बोट मला ऐकत नाही. फार भीती वाटते आहे. काहीतरी सुचव.

तुझी धाकटी

ता. ७ मार्च

चि. ढापणीस आशीर्वाद.

सोबतच्या डबीत तुझ्या भाऊजींचा जुना चष्मा आहे. दोन्ही काचा काढल्या आहेत. तुझ्या बोटाला सारायला काहीतरी हवं आहे ना, मग देऊन टाकू. फ्रेम रुंद आहे, सारखी घसरेल. घसरू दे. बोट तिथेच अडेल, डोळ्यापर्यंत जाणार नाही. मात्र डॉक्टरांना दाखवून, ते हो म्हणाले तरच घाल. मी आपली मॅट्रिक, डोळ्यांतलं मला काय कळणार?

तू त्यात घुबडासारखी दिसशील. दिसू दे. हे म्हणाले, निदान माझा चष्मा तरी शिडी चढू दे, मला तर माळ्यावर चढायचं म्हटलं की घाम फुटतो.

भिऊ नकोस. रोज देवाला तुझ्या डोळ्यांची आठवण करून देते.

तुझी ताई

ता. २१ मे

ताई, नमस्कार नंतर. आधी बातमी. शिडी मिळाली!

आता नीट सांगते. तुझी फ्रेम बघून डॉक्टर पोट धरून हसले होते, पण खुशाल घाला म्हणाले. ती इतकी अंगवळणी पडली की आज परीक्षेला तशीच गेले. माझ्या लक्षातच नाही! तपासनीस साहेबांनी मान वर केली आणि विचारलं, चष्मेवाल्या बाई रांगेत कशाला उभ्या राहिल्या? मी मागे वळून पाहिलं, कोण बिचारी आहे म्हणून. पण आमची रांग भिंतीला पाठ लावून उभी, मागे नुसती भिंत होती.

साहेब माझा कागद बाजूला सारायला लागले. मला चष्मा नाही, असं मी म्हणाले, तर त्यांनी विचारलं, मग नाकावर काय आहे?  मी सरळ फ्रेममधून बोट आरपार घातलं आणि भुवई खाजवली. साहेब खुर्चीतून उठले, पुढे वाकले आणि दुसऱ्या बाजूने आपलं बोट घालून खात्री करून घेतली. सगळी रांग हसून लोळली.

मग फ्रेम त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तक्त्यावरची शेवटची ओळ एका दमात वाचली. आधी उजव्या डोळ्याने, मग डाव्या. तिच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून टाकलं. साहेब म्हणाले, ते पंधरा वर्षं हा तक्ता दाखवताहेत, पण खाली काही लिहिलं आहे हे त्यांना आज कळलं.

दुपारी मला शिडीवर चढवून बघितलं. पूर्वी सरावाला चढायचे तेव्हा एक हात शिडीला आणि एक चष्म्याला. आज दोन्ही हात शिडीला. वर पोचले, तर दूरच्या गच्चीवर कुणाचे कपडे वाळत होते. ताई, मला त्यांच्या चिमट्यांचे रंग दिसले!

तुझी धाकटी

ता. २६ मे

चि. बाळे, पोटभर आशीर्वाद.

पत्र जिन्यातच फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. शेजारणीने दार उघडून काय झालं विचारलं, तर तिला सगळं पहिल्यापासून ऐकवलं. मग वरच्या मजल्यावर जाऊन पुन्हा सांगितलं. तुझे भाऊजी तर येईल त्याला सांगताहेत, माझाच चष्मा!

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. इतके दिवस मी देवाकडे तुझे डोळे मागितले. शिडी नाही मागितली. तू आगीत शिरणार, ते मागायला माझी जीभ वळेना. पण ते चिमट्यांचं वाचलं आणि मनातली भीती कुठल्या कुठे गेली. इतकं लख्ख दिसणारीला फोनपाशी बसवून काय करायचं? आज देवापुढे हात जोडून शिडीही मागून घेतली. आता ती माझीही झाली.

संध्याकाळी मी घरातले सगळे दिवे लावले. स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या, न्हाणीघर, जिना, सगळे. एरवी मी यांच्या मागे फिरून दिवे मालवते. हे चपापून बघत राहिले आणि म्हणाले, वीज फुकट झाली की काय? मी म्हटलं, आजच्या दिवस झाली. असू देत. आमची मुलगी उंचावर चढली आहे, तिला घर दिसायला हवं.

लोभ आहेच. वर चढताना तोही बरोबर ने.

तुझी ताई