मलम नंबर सात आणि रोमोकेचा कान

४ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून रोज नोंद. शास्त्रीय. सरकारी शाळेच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत. माझ्याइतक्या टेस्ट ट्यूब अख्ख्या इबादान शहरात कुणी धुतल्या नसतील.

विषय: केलॉइड. जखम भरते, पण कातडीला थांबायचं कळत नाही, गाठ वाढतच जाते. केस एक: मी. जबड्याखाली, दाढी करताना कापलं तिथे. अकरा वर्षं झाली. केस दोन: मुलगी रोमोके. उजवा कान. लग्नातल्या कानातल्यांसाठी फेब्रुवारीत दुसरं भोक पाडलं, तिथे आता चवळीच्या दाण्याएवढी गाठ. लग्न १४ डिसेंबर.

काल स्किन क्लिनिकला गेलो होतो. डॉ. एकुंदायोबाई म्हणाल्या, गाठ लहान आहे, दर चार आठवड्यांनी तिच्यात इंजेक्शन द्यायचं, आत्ता सुरू केलं तर बहुतेक बसेल. आणि नुसती कापू नका, दुप्पट होऊन येते. मी विचारलं, सुईने झालेलं सुईने कसं जाणार? बाईंनी पुढच्या पेशंटला बोलावलं. म्हणजे उत्तर नव्हतं.

घरी जाहीर केलं: माझं मलम नंबर सात, सहा आठवड्यांत कान सपाट. रोमोकेने आईकडे पाहिलं. आईने, म्हणजे सिफावूने, पातेल्याकडे. मग रोमोके म्हणाली, बाबा म्हणताहेत तर बघू.

७ सप्टेंबर
मलम लावलं. शिया बटर, लसूण, लिंबू आणि एक गुप्त वस्तू. दोन्ही केसना आग आग. आग होते म्हणजे काम चालू. सिफावू जेवणासाठी अमल्याचं पीठ घोटता घोटता म्हणाली, रोमोकेचे बाबा, मिरचीनेही आग होते, तीच का नाही लावत? टोमणा होता. पण मुद्दा बरोबर. चिमूटभर घातली.
दर पंधरा दिवसांनी फोटो काढायचे.

२१ सप्टेंबर
दोन्ही गाठी मोठ्या. कारण उघड आहे: रोग बाहेर पडण्याआधी वर येतो. रोमोके म्हणते खूप खाजतं. उत्तम.

५ ऑक्टोबर
रोमोकेच्या पर्समध्ये क्लिनिकचं अपॉइंटमेंट कार्ड सापडलं. गुपचूप काढलेलं. उद्या जाणार होती. कार्ड माझ्याकडे सुरक्षित ठेवलं आहे. तिने दोनदा अख्खी पर्स उपसली. मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. प्रयोग अर्ध्यात सोडायचा नसतो.

१९ ऑक्टोबर
सहा आठवडे पूर्ण. कान सपाट नाही. गाठ बोराएवढी.
पण शोध लागला! फोटो शेवटापासून सुरुवातीकडे बघत गेलो तर साक्षात बरा होत जाणारा कान. लतीफच्या प्रेसमध्ये तसंच पोस्टर छापून घेतलं. यात खोटं काय? सगळे फोटो खरे. अरबी उजवीकडूनच वाचतात. लतीफ हसत होता. त्याला विज्ञान कळत नाही.

२ नोव्हेंबर
पोस्टर लावून बाजारात बसतो. मलमाच्या डब्या संपल्या. सिकिरा नावाची शिंपीण परत आली. छातीवरची गाठ फुगून लाल. ओरडत होती, म्हाताऱ्या, तुझ्या जबड्यावर का नाही चालत तुझं मलम? तिला वर येणं आणि बाहेर पडणं यातला फरक समजावला. तिने डबी माझ्या पायावर फेकली.

रोमोके हल्ली घरातही डोक्याला स्कार्फ बांधून असते. मुलगी लग्नाआधी शालीन झाली, बरं वाटलं. होणारी सासू आली होती. हळूच विचारलं, हे तुमच्या घराण्यात आहे का? मी म्हटलं, छे, मुळीच नाही. बोलताना माझा हात जबड्यावर होता.

२३ नोव्हेंबर
तीन आठवडे उरले. आज स्कार्फ सोडायला लावला. गाठ मोजायला पट्टी आणली, न मोजताच परत ठेवली. आकार लिहून ठेवण्यासारखा नाही.
निर्णय: ब्लेड. बाई म्हणाल्या होत्या नुसती कापू नका. नुसती कुठे? वर मलम लावणारच. लॅबमध्ये शेकडो बेडूक कापले. म्हणजे सरांनी कापले, पण ट्रे माझ्या हातात असे.

२४ नोव्हेंबर, दुपारी १
झालं. नवं ब्लेड, उकळलेलं पाणी, खिडकीजवळचा उजेड. रोमोके ओरडली नाही. माझ्या शर्टाचं टोक घट्ट धरून बसली होती. रक्त वाटलं त्यापेक्षा बरंच आलं. पण सपाट! जन्माला आली तेव्हासारखा कान. मी रडलो.
सिफावू माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते.

१४ डिसेंबर
लग्न. दोन्ही कानांत सोनं. सासूने सुनेचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, मग बोटाने केस मागे सारून कान पाहिला. समाधान झालं. मी नाचलो. डॉ. एकुंदायोंना फोटो पाठवावा काय?
फोटोत रोमोकेचा हात सारखा कानाकडे. नवं कानातलं टोचत असेल.

१९ जानेवारी
तिचा फोन. कान ओढतो, कडक लागतो. म्हटलं, नव्या घरची दगदग. ती म्हणाली, बरं बाबा.

२३ फेब्रुवारी
सिफावू तिच्याकडे जाऊन आली. विचारलं, केवढी आहे? तिने टोपलीतून एक लिंबू उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं.
जावयाने, कोलादेने, अपॉइंटमेंट घेतली आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. तरी जाणार. डॉक्टरांना पार्श्वभूमी लागते.

१८ मार्च
गेलो. डॉ. एकुंदायोंनी गाठ चहूबाजूंनी चाचपली. म्हणाल्या, आता ऑपरेशन, लगोलग रेडिएशन, मग महिनोन्महिने इंजेक्शनं, तरी खात्री नाही. सप्टेंबरात आलात तेव्हा लहान होती. मग विचारलं, ब्लेड कुणी लावलं? नाव सांगा, आरोग्य खात्याला कळवावं लागेल.
मी शर्टाचं टोक सरळ करू लागलो. 
रोमोके माझ्याकडे न बघता म्हणाली, बाजारात एक म्हातारा बसायचा. आता नाही तो.
मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो.