तीन ठिपक्यांचा बिल्ला

आबा, आज सकाळी दूधवाल्या मावशींचे पैसे देऊन परत येताना तुमच्या हॉटेलच्या जागेपाशी थांबले. तिथं आता पंक्चर काढायचं दुकान आहे. बाहेर जुन्या टायरांची चवड, आणि जिथं तुमची भट्टी होती तिथं हवेचा पंप. महिनाभरानं पहिल्यांदा डोक्यावर कुणाचं देणं नव्हतं, म्हणून जरा उभी राहिले आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे या पत्राला दोन्हीकडून अडचण. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून माझं समाधान होणार नाही.

कारखान्याच्या गेटसमोर तुमचं हॉटेल म्हणजे चार बांबू, वर पत्रे आणि एक लांब बाक. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार वळणापर्यंत जाते, ड्रायव्हर नंबर लागेपर्यंत तुमच्या बाकावर बसून असतात, आणि कुणाकडंच सुट्टे नसतात. चहा दोन रुपयांचा, हातात नोट दहाची. त्यावर तुम्हीच एक तोड काढली होती. सोड्याच्या बाटल्यांची बुचं गोळा करून रांगेतल्या ट्रॅक्टरच्या चाकापुढं ठेवायची. ट्रॉली वरून गेली की बूच नाण्यासारखं सपाट होई. मग आतल्या बाजूनं खिळा ठेवून हलक्या हातानं तीन ठिपके मारायचे. वरून बोट फिरवलं की ते तीन उंचवटे बोटाला लागत. सुट्ट्या पैशांऐवजी हे बिल्ले परत द्यायचे: एक बिल्ला म्हणजे एक कप चहा, आज प्या नाहीतर पुढच्या हंगामात प्या. असे बरोबर साठ बिल्ले होते. मी एकदा म्हटलं होतं की शंभर करू या, तर तुम्ही दुधाच्या पातेल्याकडं बोट दाखवलंत. सगळे बिल्ले एकाच दिवशी आले तरी चहा पुरला पाहिजे, आणि त्या पातेल्यात साठ कपांच्या वर चहा होत नव्हता.

हळूहळू ते बिल्ले गेटच्या बाहेर पडले. न्हावी दाढीचे उरलेले पैसे बिल्ल्यानं परत देई. पेरूवाली एका बिल्ल्याला चार पेरू देई. दूध घालणाऱ्या मावशी तर चहा पीतही नव्हत्या, पण बिल्ले घेत, कारण त्यांच्याकडून ते कुणीतरी घेणार हे त्यांना माहीत होतं. पुढं चहा तीन रुपयांचा झाला. जुना बिल्ला घेऊन आलेल्याला तुम्ही वरचा रुपया कधी मागितला नाही.

मी पाचवीत होते. आपल्या घरातून शाळेत गेलेली मी पहिली, आणि त्या शाळेत मला कुणी खेळायला घेत नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी मी घरामागं बसून दहा बुचं दगडानं ठेचली आणि त्यांवर खिळ्यानं तीन-तीन ठिपके मारले. त्या दहा बिल्ल्यांचे पेरू आणून वर्गातल्या मुलींना वाटले. त्या दिवशी मला लगोरीत घेतलं. आठवडाभरानं न्हाव्यानं त्यातलाच एक बिल्ला तुमच्या हातावर ठेवला, तेव्हा मी ग्लास विसळत होते. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवला, थांबलात, परत फिरवला. मी खिळा वरच्या बाजूनं मारला होता. तुमच्या बिल्ल्यावर उंचवटे होते, माझ्या बिल्ल्यावर खड्डे. तरी तुम्ही न्हाव्याला चहा दिलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई भाकरी थापत होती. तुम्ही ताटावर बसलात आणि सहज विचारल्यासारखं मला विचारलंत, "माय, बिल्ले कुणी केले गं?" मी म्हटलं, मला नाही माहीत. तुम्ही घास मोडलात आणि म्हणालात, "करणाऱ्याला चहा करावा लागत न्हाय. मला लागतो." बस, एवढंच. मला मार बसला असता तर बरं झालं असतं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

आता मी काय करते ते सांगते. परदेशातली एक कंपनी मला मराठी वाक्यं पाठवते, मी त्यांतल्या चुका दुरुस्त करून परत पाठवते, आणि ते लोक पगार क्रिप्टोत देतात. क्रिप्टो म्हणजे असं नाणं जे हातात येत नाही आणि जे कुठल्या सरकारनं पाडलेलं नाही. जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांवर एकच वही असते. कुणाकडून कुणाकडं किती गेलं ते सगळ्या वह्यांमध्ये उतरतं, त्यामुळं घरामागं बसून चोरून जादाचं नाणं करता येत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे कान गरम झाले होते. पहिला पगार रविवारी दुपारी आला. बँकेला सुट्टी, आणि समुद्रापलीकडून निघालेले पैसे आईच्या चार भाकरी होईपर्यंत माझ्याकडं पोचले. मी आनंदानं रडले, खोटं कशाला सांगू.

दर महिन्याला ते कॉइन मी एका ॲपवर विकायची, रुपये बँकेत घ्यायची आणि कागदपत्रं धाराशिवच्या कर सल्लागारांकडं नेऊन द्यायची. त्यांनी मला दोनदा बजावलं होतं की हे ठेवायला बंदी नाही, पण आपल्याकडं याला चलन मानत नाहीत. उद्या एखाद्यानं घेतलं नाही तर सक्ती करता येणार नाही. मी दोन्ही वेळा मान हलवली. पण धाकटा ऐकेना. त्यानं स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय, तुम्ही गेलात तेव्हा तो दुसरीत होता. म्हणायचा, "आक्का, कॉइन विकून रुपये करतीस अन् रुपये देऊन दूध आणतीस. मधला फेरा कशाला? सरळ कॉइनच दे की." त्यानं चक्कीवाल्या काकांच्या आणि मावशींच्या फोनमध्ये ते ॲप घालूनही दिलं. चक्कीवाले काका म्हणाले की आमच्याकडं पीठ उडतं, बघू पीठ जास्त उडतंय की तुझ्या कॉइनचा भाव. मावशींनी मला एकच विचारलं, तुझा पगार त्यातच येतो का. मी हो म्हटलं. "मग चालतंय," त्या म्हणाल्या, "आबाची पोर हाय, चहा बुडवायची न्हाय." तिथंच मी नको म्हणायला हवं होतं. पण मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी महिन्याच्या दुधाचे कॉइन आगाऊ पाठवून दिले.

त्या महिन्यात जे झालं ते ऐकून तुम्ही बाकावर हात आपटून हसला असता. चक्कीवर ज्वारीचं दळण झालं, पिठाचा डबा गार झाला, तरी काकांच्या फोनवर पैसे पोचल्याची खूण येईना. माझ्या मागच्या बाईनं भिंतीवरचा कोड मोबाइलनं स्कॅन केला, पैसे आल्याचं सांगणारी पेटी बोलली, ती बाई रुपये देऊन निघूनही गेली. पाठवायचा खर्च एकदा दळणाच्या पैशांहून जास्त दाखवला. सल्लागार म्हणाले की कॉइन खर्च केले म्हणजे ते विकले असंच धरतात, प्रत्येक वेळचा भाव लिहून ठेवा. म्हणून माझ्या वहीत एका पानावर लिहिलंय: ज्वारीचं दळण, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, आणि पुढं त्या मिनिटाचा भाव. मावशी रोज दूध घालताना विचारायच्या, आज माझं दूध कितीचं झालं गं. पहिले काही दिवस भाव चढला आणि त्या गल्लीभर सांगत फिरल्या. मलाही आतून बरं वाटत होतं, जणू ते मीच केलं होतं.

मग भाव उतरायला लागला आणि आठ दिवसांत निम्म्यावर आला. त्यातच त्या ॲपनं पैसे काढणं काही दिवस बंद ठेवलंय असा निरोप आला. मावशींच्या म्हशीची पेंड संपली होती. त्या दुकानात गेल्या आणि पेंडवाल्यासमोर फोन धरला की पैसे यात आहेत. पेंडवाल्यानं सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "मावशी, म्हैस मोबाइल खाती का?" मावशी रिकामं पोतं घेऊन घरी आल्या. हे मला त्यांनी नाही, आईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारखं माप घालून गेल्या. मी दाराआड उभी होते. माझ्या शब्दावर त्यांनी घेतलं होतं. त्या कॉइनला त्या कधी ओळखत नव्हत्या, मला ओळखत होत्या, आणि माझ्यातही खरं तर तुम्हाला.

पुढचे चार दिवस मला सारखा तुम्ही हॉटेल बंद केलंत तो दिवस दिसत होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी धुरात बसू नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही आदल्या आठवड्यात न्हाव्याला, पेरूवालीला, रांगेतल्या प्रत्येक ड्रायव्हरला निरोप दिलात की ज्याच्याकडं बिल्ला असेल त्यानं यावं, चहा प्यावा नाहीतर तीन रुपये न्यावेत. तुम्ही बाकावर बसून बिल्ले दहा-दहाच्या ओळीत मांडताय. खोटे केव्हाच फेकून दिलेत, हे सगळे तीन उंचवट्यांचे. पाच ओळी पुऱ्या होतात, सहावीत नऊ. न्हावी म्हणतो की हरवला असेल कुठं, भट्टी विझवा. तुम्ही म्हणता, "एक यायचाय." आणि धाप लागलेली असताना दिवस मावळेपर्यंत भट्टी चालू ठेवता, एका कपाचं दूध वेगळं काढून. मी शेजारी कंपासपेटी मांडीवर घेऊन बसलेय. चौथी पास झाले म्हणून तुम्ही आणलेली ती पेटी.

ते आठवलं आणि मला काय करायचं ते कळलं. माझ्याकडं बँकेत रुपये होते. आधी चक्कीवर गेले, मग आज सकाळी मावशींकडं. ज्या दिवशी कॉइन दिले त्या दिवशीच्या भावानं पुरते रुपये त्यांच्या हातात ठेवले आणि ॲप पुन्हा चालू झालं होतं, म्हणून कॉइन माझ्याकडं परत घेतले. धाकटा म्हणत होता की आजच्या भावानं दे, तोटा एकटीनं का सोसायचा. मी त्याला तुमचं जेवताना म्हटलेलं ते चहाचं वाक्य सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. तो स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून म्हणाला, मग पेंडीचं पोतं मी माझ्या गाडीवर नेऊन टाकतो.

मावशींनी नोटा कनवटीला लावल्या आणि आतून एक लहान डबी आणली. डबीत सुपारीबरोबर एक बिल्ला होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. ठिपके खड्ड्याचे होते. "वळखतीस का?" मग त्याच म्हणाल्या, "तुझा बाप आला व्हता दारात. म्हणला, खड्ड्याचे बिल्लेबी घ्या, घरचेच हायती, पोरीनं केलेत. चहा म्या देतो. पण तिला कुणी बोलू नगा, साळंत जाती, मान खाली घालून जाया नको." मी विचारलं की मग हा एक मागं का ठेवलात. तर म्हणाल्या, "येवढी साळा शिकती अन् खिळा उलटा मारती, म्हणून हसायला ठेवला." आणि खरंच हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि मीही हसले, आबा. पाचवीत असल्यापासून छातीवर ठेवलेलं काहीतरी तिथं उंबऱ्यावर उतरलं.

क्रिप्टो खोटं आहे असं मी मावशींना सांगितलं नाही, कारण ते खोटं नाही. माझ्यासारखीनं दगडानं ठेचून त्यात भर घालता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. लांबून येणाऱ्या पैशांना ते उपयोगी आहे, आणि पगार मी त्यातच घेत राहणार, आल्याबरोबर रुपये करून. पुढं कधी ते दूध-दळणाचे पैसे होईल का, मला सांगता येत नाही. भाव जागेवर राहिला, पाठवणं स्वस्त झालं, सरकारनं नियम घालून दिले, तर होईलही. पण सकाळी घेतलेल्या दुधाची किंमत संध्याकाळी तीच राहावी एवढंच मावशींना हवं आहे, आणि ते आज त्याला जमत नाही. तुमच्या बिल्ल्याला जमत होतं. त्यामागं एक पातेलं होतं आणि भट्टीशी बसलेला माणूस होता. कॉइनमागं कोण बसलंय, हे मी खूप शोधलं. हजारो लोक बसलेत, वही राखायला. चहा करायला त्यांतलं कुणी नाही.

हे पत्र कुठं टाकणार, म्हणून घडी करून कंपासपेटीत ठेवते आहे. पेटीचं झाकण गंजलंय, जोर लावावा लागतो. आत मोडका कर्कटक आहे, आणि खाली कागदात गुंडाळलेला तुमचा साठावा बिल्ला. ते दहा बिल्ले करताना नमुना म्हणून मीच उचलला होता. त्या संध्याकाळी तुम्ही त्याची वाट बघत होता तेव्हा तो माझ्या मांडीवर होता, आणि पुढं केला तर दहा बिल्ले माझेच हे कळेल म्हणून मी पेटी उघडली नाही. तुम्हाला तर ते आधीपासून ठाऊक होतं. आत्ता बोट फिरवून बघितलं, तिन्ही ठिपके अजून लागतात.