यादी घराची असते

अव्वा,

मला कंपवात झालाय. लातूरच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. आधी वाटलं होतं, तीस वर्षं रेल्वेच्या कार्यालयात फायलींवर लिहून लिहून उजवा हात थकला असेल. डॉक्टरांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, तुमचं नाव पाच वेळा लिहा. पहिलं नाव बरं आलं. पाचवं मुंगीएवढं झालं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, गोळ्यांनी बरंच आवरता येतं, पण जे काही करायचं राहिलंय ते आता पुढं ढकलू नका. लेक शेजारीच बसली होती. ती हैदराबादला नोकरीला असते, मुद्दाम रजा काढून आली होती. नांदेडला परतताना बसमध्ये तिनं पिशवीतून एक वही काढली, वर फुलं छापलेली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आई, यादी कर. तुला आयुष्यात काय काय करायचंय त्याची. मी रजा साठवते. आपण एकेक करत जाऊ." तिचे डोळे लाल झाले होते. मी हो म्हणाले.

येत्या रविवारी ती येते आहे आणि यादी झालेली नाही. रोज ऑफिसातून आले की चहा ठेवते, वही उघडते आणि पेन धरून बसते. पहिल्या दिवशी लिहिलं: गिझर दुरुस्त करणे. पेन्शनच्या कागदावर लेकीचं नाव लावणे. गच्ची गळते ती बघणे. वाचून पाहिलं तर अंगावर काटा आला. ही काही आयुष्याची यादी नव्हे, मी गेल्यावर घर सांभाळणाऱ्यासाठी ठेवलेली चिठ्ठी आहे. पान फाडलं. शेजारीण म्हणाली, चारधाम लिहा. ऑफिसातली एकजण म्हणाली, विमानात बसा, पोहायला शिका. अगं, ह्या वयात, ह्या हातांनी? पण मी तेही लिहून पाहिलं. लिहिलेलं वाचताना दुसऱ्या कुणाचा अर्ज भरून दिल्यासारखं वाटलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला भीती वाटते, अव्वा. हाताची वाटते त्याहून जास्त ह्याची वाटते. छप्पन्न वर्षांच्या बाईला स्वतःचं म्हणून काहीच नको असेल, तर इतकी वर्षं ह्या अंगात राहिलं तरी कोण?

यादी करायला तूच शिकवलंस मला. उदगीरच्या आपल्या स्वयंपाकघरात महिन्याच्या पहिल्या सोमवारी तू चुलीपुढं बसून भाकरी थापते आहेस, आणि मी उंबऱ्यावर, गुडघ्यावर पाटी ठेवून, पाटीवर कागद ठेवून. तुला अक्षर येत नव्हतं, पण यादी सगळी तोंडपाठ. "आधी हळद लिही," तू म्हणायचीस. घरात हळद डबाभर असली तरी पहिली हळद. मग मीठ, गूळ, करडीचं तेल, शेंगदाणे. अप्पा दुपारी मोंढ्याच्या धान्यबाजारातून आले की यादी खिशात घालून किराणा दुकानात द्यायचे, आणि संध्याकाळी हातगाडीवर सामान यायचं. मी पाचवीत असताना एकदा शेंगदाण्यांच्या खाली हळूच रंगपेटी लिहिली. तुला कुठं वाचता येतंय, असा माझा हिशेब. सामानाबरोबर खरंच रंगपेटी आली. बारा रंगांची. तू ती उलटीपालटी करून बघितलीस, माझ्याकडं बघितलंस, आणि हातगाडीवाला गल्ली ओलांडायच्या आत त्याला हाक मारून परत दिलीस. मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी विसरून गेले असते. एवढंच म्हणालीस, "यादी घराची असती. तुझी न्हाई." त्यानंतर मी तुझ्या कुठल्याच यादीत माझं काही घातलं नाही. पुढं सासरीही घातलं नाही, आणि तुझे जावई गेल्यावर ह्या घरात मी एकटी उरले, तेव्हाही यादी घराचीच राहिली.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातंय. मी दहावीत होते. तसाच सोमवार, तशीच यादी. चहापत्ती झाली, काडेपेट्या झाल्या, आणि तू तव्याकडं बघत बघत म्हणालीस, "आन् एक लिही. मला एकडाव मुदखेडला जायाचं हाय." मी मान वर केली. "मुदखेडला काय आहे?" "माझी मैतरीण हाय तिथं. फुलाच्या मळ्यात दिलीया तिला. लग्न झाल्यापासून भेट न्हाई." तू तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होतीस, मैत्रीण तुला होती हेच मला नवीन होतं. आणि मी, मोठी शिकलेली, हसले. म्हणाले, "यादी घराची असते, अव्वा. तुझी नाही." तुझंच वाक्य, शब्दाला शब्द. पाच वर्षं जपून ठेवलं होतं बहुतेक. तुझा हात भाकरीवर थांबला. मग तू म्हणालीस, "व्हय की." आणि पुन्हा थापायला लागलीस. "साबण लिही."

त्यानंतर नोकरीच्या निमित्तानं मी नांदेडला आले आणि इथलीच झाले. नांदेडहून मुदखेड गाडीनं अर्ध्या तासावर. लेक झाली तेव्हा तू दीड महिना माझ्याकडं राहिलीस. एका सकाळी बाळाच्या पाठीला तेल चोळता चोळता तू विचारलंस, "मुदखेड हितून लई लांब हाय का गं?" मी म्हणाले, "नाही, अर्धा तास." तू म्हणालीस, "मग जवळच की," आणि बाळाला पालथं केलंस. मला कळलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आले. मला कळलं होतं, अव्वा. झोप नव्हती, दूध पुरत नव्हतं, रजा संपत आली होती, आणि मी मनात म्हटलं, पुढच्या खेपेला बघू. मैत्रिणीचं नावसुद्धा विचारलं नाही. आज मुदखेडच्या कुठल्या मळ्यात जाऊन कुणाचं दार वाजवू?

तुझी शेवटची यादीही माझ्याच अक्षरात आहे. तू गेलीस त्या सकाळी काका म्हणाले, तूच लिही, तुझं अक्षर चांगलं हाय. मी भिंतीला टेकून लिहायला लागले. विभूती, बेल, मीठ, पांढरं कापड, फुलांचे हार. काकांनी कागद हातात घेतला, अंगणातल्या सगळ्यांसमोर वाचायला लागले आणि थांबले. मी सवयीनं सगळ्यांत वर हळद लिहिली होती. अप्पा जाऊन चार वर्षं झाली होती. "विधवेच्या मातीला हळद? एवढी शिकली तू, एवढंही कळंना?" आपल्या मठाचे स्वामी ओट्यावर बसले होते, ते म्हणाले, "असू द्या. लिंगाला समदं चालतंय." तरी काकांनी पेन घेऊन हळद खोडलीच. तोवर मी रडले नव्हते. त्या एका रेघेला रडले. मग तुला समाधीच्या खड्ड्यात बसवलं, तुझ्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, मीठ आणि विभूती घातली आणि माती लोटली. त्या कागदावर जे जे लिहिलं होतं ते सगळं दुपारच्या आत आलं होतं. कुणी कुरकुर केली नाही, कुणी पुढच्या खेपेला बघू म्हटलं नाही.

परवा मी वहीत मुदखेड लिहिलं. बराच वेळ बघत बसले आणि खोडलं. ते तुझं होतं. तुझं राहिलेलं उचलून माझ्या नावावर लावायला मला लाज वाटली.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत लेकीचा फोन आला. "झाली का यादी?" मी म्हणाले, "झाली." "किती?" "अकरा." अकरा कुठून आले देव जाणे. "एक तरी वाच ना, आई." मी म्हणाले, "समुद्र बघायचाय." ती केवढ्यानं ओरडली, "मग आजवर बोलली का नाहीस! मी बघते सगळं." संध्याकाळी पुन्हा फोन आला, मी घरी पोचेपर्यंत तिनं तिकिटंसुद्धा काढली होती. रविवारी यायचं, सोमवारी निघायचं, आठ दिवस. आवाजात इतका आनंद होता की दोन महिन्यांत पहिल्यांदा ती पूर्वीसारखी वाटली.

मला समुद्र नको आहे. ती "एक तरी वाच" म्हणाली तेव्हा माझ्या ओठांवर वेगळंच आलं होतं. "कुठंच नको नेऊस मला. रजेचे दिवस इथंच राहा, ह्या दोन खोल्यांत. तू कर कच्चापक्का स्वयंपाक, मी खुर्चीत बसून बघत राहते. माझ्या हातून पेला पडला तर तोंड फिरवून डोळे पुसू नकोस, माझ्याकडं बघ. मला फार भीती वाटते हे मला कुणाला तरी सांगायचंय, आणि ते तुला सांगायचंय." एवढंच होतं. छप्पन्न वर्षांत माझी स्वतःची म्हणून पहिली इच्छा, आणि ती मी गिळून समुद्राचं नाव घेतलं. तू निदान मुदखेड बोलून तरी दाखवलंस, अव्वा.

हे सगळं तिनं दिलेल्या वहीतच लिहिलं आहे, दुसरा कागद हाताशी नव्हता. ती आली की पहिली वहीच मागणार. त्याच्या आत ही पानं फाडून टाकायला हवीत. मघापासून दोनदा धरली, फाडवत नाहीत. हाताचं निमित्त आता मला कुठंही सांगता येतं, पण आज हात बरा आहे.