उतरणीला एकटा

२ एप्रिल

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं गेल्यापासून आई दाराकडे डोळे लावून बसते. तिला काका आठवतो. त्या डोंगरावर पहिल्यांदा गेलेली माणसं हिमनदीतच वाट चुकून परतली. काकाच्या तुकडीनं खिंडीपर्यंत वाट शोधली आणि बर्फाचा कडा कोसळून तो तिथंच राहिला. तेव्हापासून डोंगराला आपल्या घराचा पत्ता ठाऊक झालाय, असं ती म्हणते.

ह्यांच्या वर्गातली मुलं मला रस्त्यात गाठून सर कुठवर चढले ते विचारतात. सरांचं अस्वल झालं असेल, म्हणून सांगते. दाढी केल्याशिवाय घरात घेणार नाही, हा निरोप दे. आणि एक, ह्यांना माघार घ्यायची लाज वाटते. तुला ती नाही, म्हणून तर तुला सोबत धाडलंय.

जपून राहा. आम्हा दोघींचा जीव तुमच्यापाशी आहे.

ताई

२९ एप्रिल

ती. ताईस बारक्याचा सा. न. वि. वि.

काकाच्याच वाटेनं खिंडीत पोचलो. बर्फातून जुन्या दोराचं टोक वर आलं होतं. भाऊजींनी ओढून पाहिलं, सुटेना. आमचा म्होरक्या काकानंतर गेलेल्या तुकडीतला. ती याच्याही वर, खांद्यासारख्या उंचवट्यावर पोचली होती. परतला तो एकटा, बोटं गमावून. शेवटच्या चढाईला त्यानं आम्हा दोघांना निवडलंय.

भाऊजी बेसूर गातात आणि खोकतात. खोकल्याचं कळवलंस तर याद राख, असा दम मिळालाय. तरी कळवतो.

आईला नमस्कार. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

बारक्या

२१ मे

ती. ताईस,

म्होरक्याची तार पोचली असेल. मी पाहिलं तेवढं लिहितो.

आम्ही माथ्यावर पोचलो. त्याआधी तिथं कुणीच उभं राहिलं नव्हतं. भाऊजी लहान मुलासारखे हसले. फोटो काढायला त्यांनी काळा चष्मा उतरवला, तो बराच वेळ लावलाच नाही. उतरताना बर्फाच्या चकाकीनं डोळे गेले. दोराला धरून मी त्यांना डोंगराच्या धारेवरून आणत होतो, पण खोकल्याची उबळ आली आणि ते खाली बसले. पुन्हा उठलेच नाहीत. उचलून पाहिलं, ओढून पाहिलं. मग माझेही पाय चालेनात. त्यांनी पाणी मागितलं. बाटलीत बर्फ झाला होता. खाली जाऊन माणसं आण, म्हणाले. वर येऊ शकेल असं धडधाकट माणूस खाली उरलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मी निघालो तेव्हा ते जिवंत होते, ताई. नंतर वादळ सुटलं.

बारक्या

९ जून

चि. बारक्यास,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही.

वर्तमानपत्रवाले येऊन गेले. माथ्यावर पोचलेल्या पहिल्या माणसाची बायको म्हणून कसं वाटतं, असं विचारत होते. शेजारी अभिमानानं बोलतात. सगळे माथ्याचं विचारतात, धारेचं कुणी विचारत नाही. मी शिवणयंत्रावर बसते, पाय हलत नाहीत.

क्षणात गेले, एवढं लिहिलं असतंस तरी मी विश्वास ठेवला असता. खरं लिहिलंस. आता ते तिथं बसलेलेच असतात. मी भांडी घासते, ते बसलेले असतात.

तू ये. आईला तू हवा आहेस. दार मीच उघडीन. पण माझ्या तोंडून क्षमेचा शब्द येईल म्हणून थांबू नकोस. मी शोधला, सापडला नाही.

इथं लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो माझ्यात उरलाय का, आज सांगता येत नाही.

ताई