उजव्या हाताचा मोजा

डन्केल्ड, ९ ऑगस्ट १९९४

चि. इशबेल हिस बाबाचे अ. आ.

शनिवारी जुन्या लढाया रंगवणाऱ्या आमच्या संघाच्या लुटुपुटूच्या लढाईत शेजारच्या रोरीची दोन बोटं गेली. जहागीरदारांची तलवार लागली. तुला आठवत असेल, मीच घडवलेली, जुन्या स्कॉटिश धाटणीची, मुठीवरच्या आडव्या दांडीची टोकं पात्याकडे झुकलेली.

संघाला तुझ्या हातचं निवेदन हवंय, की सगळ्या तलवारी तपासल्या होत्या, रोरीच नशेत पुढे घुसला. जहागीरदार म्हणाले, तुझी पोरगी पदवीधर, तिच्या लेखणीला वजन येईल. भट्टीची जागा त्यांची आहे, हे तुला सांगायला नको.

एफी आत्या विचारते, एवढं शिकून ओटची पेज अजून करपवतेस का?

लोभ ठेव.
बाबा


अ‍ॅबर्डीन, ११ ऑगस्ट

ती. बाबांना इशबेलचा सा. न.

पेज करपतेच, आत्याला सांगा. आज मात्र ती घशाखाली उतरली नाही. तुमचं पत्र वाचून किळस आली, बाबा. जहागीरदारांची नेहमीच येते. या वेळी 'नशेत' हा शब्द तुमच्या अक्षरात होता. रोरी दारूला शिवत नाही. माझ्या पदवीच्या दिवशी त्याच बोटांनी तो व्हायोलिन वाजवत होता.

लढाईची तलवार बोथट हवी, कड नाण्याइतकी जाड हवी, हे मला तुम्हीच शिकवलंत. लोकरी मोजा घालून पात्यावरून हात फिरवायचा, एक धागा अडकला तरी तलवार परत गाडीत. तो मोजा मी विणला होता. त्या तलवारीवरून तो फिरला होता का, एवढंच सांगा. नसेल, आणि तरीही ते निवेदन हवं असेल, तर माझी पदवी भिंतीवरून उतरवा.

राग आहे, माया कमी नाही.
इशबेल


डन्केल्ड, १६ ऑगस्ट

चि. इशबेल हिस अ. आ.

नाही फिरला.

अठरा तलवारी तपासून मी जहागीरदारांपाशी आलो. ते हसून म्हणाले, "आता आमचीही झडती घेणार का रे, डुगल्ड?" मी मोजा काढून त्यांच्याशी हात मिळवला. वीस वर्षं हेच करत आलोय. पाहुण्यांपुढे कोबी कापून दाखवायला त्यांनी त्या तलवारीला दुसऱ्याकडून धार लावून घेतली होती.

लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तीच तलवार त्यांनी माझ्याकडे पाठवली, गुपचूप धार मोडून द्यायला. दांडीच्या खाचेत रक्त सुकलेलं. तुझं पत्र येईपर्यंत ती तशीच भट्टीत पडून होती, आणि मी शेजारी बसून जेवत होतो. त्या जेवणाची मला आता शिसारी येते.

काल मोजा घालून हात फिरवला. लोकर तळव्यापर्यंत चिरली. तलवार आणि मोजा घेऊन चौकीवर गेलो, सगळं सांगितलं. ते निवेदन आता तुला लिहायला नको.

भट्टी महिनाअखेर सोडायची आहे. रोरीकडे गेलो होतो. त्याने दार उघडलं नाही. बरोबर केलं त्याने.

मोजा पोलिसांनी ठेवून घेतला. जमेल तेव्हा नवा विण, उजव्या हाताचा. पदवी भिंतीवरच आहे.

जमलं तर लोभ असू दे.
तुझा बाबा