डोव्हीची चाल

हिकरी फोर्क, केंटकी
१४ ऑक्टोबर १९५३, बुधवार

हर्शेल,

तू बरा आहेस हे रेडिओवरून कळतं, म्हणून ते विचारत नाही. शनिवारच्या कार्यक्रमात तुझा घसा बसल्यासारखा वाटला. गरम पाण्यात मध घालून घेत जा आणि गार हवेत गळ्याला फडकं गुंडाळ. हे सांगणारी आता मी कोण, असं म्हणशील. पण खोड जात नाही.

इकडे सगळं ठीक आहे. यंदा तंबाखू चांगला आला, घरोघरी कोठारात वाळायला टांगूनही झाला. तुझ्या आईचे गुडघे थंडी पडली की बोलायला लागतात, तरी बाई ऐकते थोडीच! परवा अंगणात कढई चढवून सफरचंदांचा मुरंबा घातला आणि त्यातल्या दोन बरण्या माझ्याकडे धाडल्या. ती माझ्याशी पहिल्यासारखीच वागते. अख्ख्या गावात तेवढी एकच.

मी अजून नाक्यावर बर्डी क्लेबर्नच्या खानावळीतच आहे. वरच्या खोलीत राहते. बर्डीने वसंतात नवीन ज्यूकबॉक्स आणला. कपाटाएवढा आहे आणि दिवे तर असे की जत्राच. त्यात तुझं गाणं आहे हे वेगळं सांगायला नको. ट्रकवाले टोपी काढायच्या आधी पेटीत नाणं टाकतात. दुपारच्या जेवणात मी घेवडा आणि मक्याचा पाव वाढत असते, आणि तू माझ्या डोक्यावर गात असतोस की तुझी बायको लांबलचक मोटारवाल्याबरोबर पळून गेली.

"काय लोरीन, मोटार आज कुठे लावलीस?" परवा एकाने विचारलं.

"तुझ्या दारात," मी म्हटलं. "तुझ्या बायकोने मागून नेली."

सगळे हसले, मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला. तिथे डोळ्यांतून पाणी आलं तर कोणी काही विचारत नाही.

तुला ठाऊक आहे मी कशात बसून गेले ते. तुझ्या मामाच्या ट्रकमध्ये, गादीच्या वळकटीवर. तू गिटार घेऊन बस पकडलीस त्यानंतर मी त्या घरात सबंध हिवाळा काढला. मी घर सोडलं तेव्हा तिथे सोडून जाण्यासारखं कोणी उरलंच नव्हतं.

असो. मुद्द्याचं लिहिते.

गेल्या आठवड्यात मिस्टर ओडम नावाचे गृहस्थ खानावळीत आले. पायात चकचकीत बूट, बोलणं मधाळ. रेकॉर्डवाले, पण तुझ्या कंपनीचे नव्हेत. नवऱ्याचं गाणं गाजलं की त्याच चालीवर बायकोचं उत्तर काढायचं, ही तुमच्या धंद्यातली रीत आता आम्हालाही पाठ झालीय. आपण शाळेतल्या नाचाला जोडीने गायचो, तू खालच्या सुरात आणि मी वरच्या, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. म्हणाले, "बाई, लोकांनी एकच बाजू ऐकलीय. खऱ्या बायकोने उत्तर दिलं तर देश डोक्यावर घेईल तुम्हाला."

"चाल वेगळी घेतली तर चालेल?" मी विचारलं.

"छे! चाल तीच हवी. पहिल्या सुरालाच लोकांनी माना वर केल्या पाहिजेत."

बर्डी तर हातातला झारा टाकून पुढे आली. "अगं, बघतेस काय? होय म्हण! गावाची तोंडं एकदाची बंद कर. चर्चमध्ये शेजारी कोणी बसत नाही तुझ्या, आणि तू विचार कसला करतेस?"

खोटं कशाला लिहू, हर्शेल, मला मोह झाला. खूप झाला. मी तसली नाही, हे रेडिओवरून सांगावंसं वाटलं. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे पाहून पोरींना जवळ ओढलं, त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन सांगावंसं वाटलं. मी हात पुसले आणि त्यांनी लिहून आणलेला कागद घेतला. पहिली दोन कडवी गायलेसुद्धा. ओडम टेबलावर बोटांनी ठेका धरत होते.

मग ती जागा आली. तुझ्या रेकॉर्डमध्ये तिथे शब्द नाही. तू थांबतोस, तुझा आवाज चिरतो आणि फिडल ती जागा भरून काढते. तेवढ्यासाठी लोक पुन्हा नाणं टाकतात. "बायकोवर काय जीव असेल त्या माणसाचा!" असं म्हणत एक म्हातारी माझ्यासमोर डोळे पुसत होती.

ओडमच्या कागदावर त्या जागी 'खोटारड्या' असा शब्द होता.

मी कागद टेबलावर ठेवला. गृहस्थांना वाटलं माझा घसा सुकला. त्यांनी पाणी मागवलं.

त्या जागी कोणतं नाव होतं ते जगात आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. 'निजली कोंबडी, निजली गाय, डोव्ही गं, तुझं काय?' डांग्या खोकल्याने तिला झोप लागेना, तेव्हा मी ती चाल जुळवली. तू पलंगाच्या पायथ्याशी बसून तारा छेडायचास. नाव आलं की ती खोकता खोकता हसायची. शेवटी हसायची ताकद नव्हती, तेव्हा नुसता हात हलवायची.

तुझं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, समोर असतास तर तुझी गिटार तुझ्याच डोक्यात फोडली असती. लेकरासाठी केलेली चाल, आणि तिच्यावर हे! मग रोज ऐकून ऐकून एक कळलं. बायको पळाली हे माणसाला गाता येतं. चार लोकांत बसून त्यावर रडताही येतं. लेकरू गेलं हे तुला गाता आलं नाही. म्हणून तिच्या जागी तू मला घातलंस, पण तिची जागा तेवढी मोकळी ठेवलीस. तो आवाज माझ्यासाठी चिरत नाही, हे त्या म्हातारीला काय ठाऊक!

तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण मे महिन्यातलं तुला सांगायला हवं. इतके दिवस टाळलं, आता टाळत नाही.

कबरी सजवायचा रविवार होता. सगळं गाव टेकडीवर आलं होतं. गवत काढून झालं, फुलं वाहून झाली, आणि नेहमीप्रमाणे ज्याने त्याने आपापल्या माणसांपाशी उभं राहून गाणं म्हटलं. तुझी आई पलीकडे तुझ्या वडिलांपाशी होती. मी डोव्हीपाशी बसले आणि तिची चाल धरली. नुसती गुणगुणत होते, शब्दसुद्धा नव्हते.

आजूबाजूच्या माना वळल्या. कोणीतरी खुसखुसलं. ब्रदर हॅस्किट प्रार्थना अर्धी सोडून, हातातलं बायबल मिटून हळूच जवळ येऊन वाकले. म्हणाले, "लोरीन, मुली, दारूच्या गुत्त्यातलं गाणं इथे नको. लेकराच्या कबरीचा तरी मान ठेव."

ते वाईट बोलले नाहीत. त्यांना जे ठाऊक होतं त्याप्रमाणे बरोबरच बोलले. ही चाल तिचीच आहे, हे मी सांगणार होते. पळून गेलेल्या बाईचं कोण ऐकतं? मी गप्प बसले, हर्शेल. माझ्या पोरीच्या कबरीपाशी मला तिचं गाणं म्हणता आलं नाही.

ओडमना मी नाही म्हणून सांगितलं. बर्डी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी उत्तर गायले तर माझं नाव धुऊन निघेल, पण मग डोव्हीच्या जागी देशभर 'खोटारड्या' वाजेल. त्यापेक्षा राहू दे मला मोटारवाल्याची. तुझं गाणं तू गात राहा, मी त्यावर हरकत घेणार नाही.

मात्र येत्या मे महिन्यात टेकडीवर ये. गिटार आणू नकोस. टोपी काढून ब्रदर हॅस्किटपुढे उभा राहा आणि सगळ्यांदेखत सांग की ही चाल कोणाची आहे. माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस तरी चालेल. पण तिचं नाव घे. तू घेतलंस तर पुढचं मी गाईन. वरचा सूर मला अजून लागतो.

नाही आलास तरी मी जाणारच. तिच्यापाशी बसेन आणि ओठ मिटून मनातल्या मनात म्हणेन. ते थांबवायला कोणी येणार नाही.

घशाला जप. त्या एका जागेसाठी तरी जप.

डोव्हीची आई,
लोरीन